50 तासिका आणि 19 फटके : अंधेरीतील एका गोल्फ प्रशिक्षण केंद्राचा दीड वर्षाचा अनुभव

अंधेरी पूर्वेतील एका इनडोअर गोल्फ प्रशिक्षण केंद्रात मी दीड वर्ष शिकलो. पहिल्या नोंदणीत 30 तासिका घेतल्या, नंतर आणखी 20 घेतल्या आणि या 50 तासिकांचे मिळून 1 लाख 25 हजार रुपये भरले. एवढा पैसा आणि एवढा वेळ खर्च करून माझ्यासारख्या सामान्य हौशी खेळाडूचा खेळ नेमका किती सुधारतो, हा प्रश्न नाव नोंदवण्यापूर्वी मी अनेकांना विचारला होता आणि एकाकडूनही आकड्यांत उत्तर मिळाले नव्हते. म्हणून हा अभिप्राय शक्य तितका आकड्यांत लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतील बहुतेक मला मुंबईत इतर ठिकाणी चौकशी करतानाही आढळल्या आणि त्या सगळ्या एकाच केंद्राच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

माझे वय 46. चेंबूरला राहतो, वांद्रे-कुर्ला संकुलातील एका बँकेत नोकरी करतो. तरुणपणी क्रिकेटच्या कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये चार पावसाळे खेळलो, त्यापलीकडे खेळाशी संबंध नव्हता. गोल्फची काठी, म्हणजे क्लब, वयाच्या 44 व्या वर्षी पहिल्यांदा हातात धरली. म्हणजे मी लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला नाही, शरीर तिशीतले नाही आणि आठवड्याला चार तासांपेक्षा जास्त वेळ मी या खेळाला कधीच देऊ शकत नाही. हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण यातील एक जरी गोष्ट वेगळी असेल तर वाचणाऱ्याने पुढचे आकडे त्या मानाने कमी-जास्त करून घ्यावेत.

शिकायला लागण्यापूर्वीच्या 18 होलच्या पहिल्या पाच फेऱ्यांची माझी सरासरी 116 फटके होती (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला). दीड वर्षाच्या शेवटी, गेल्या महिन्यापर्यंतच्या पाच फेऱ्यांची सरासरी 97 आली. मधल्या काळात एकूण 31 फेऱ्या खेळलो. त्यांतील बहुतेक फेऱ्या खारघरला डोंगरांच्या कुशीत सिडकोने उभारलेल्या, शुल्क भरून कोणालाही खेळता येणाऱ्या मैदानावर झाल्या. काही चेंबूरच्या क्लबमध्ये एका सदस्य मित्राचा पाहुणा म्हणून आणि दोन पुण्यात. प्रत्येक फेरीत मी स्कोअरकार्डाच्या मागे चार गोष्टी लिहून ठेवल्या : दंडाचे फटके किती, पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू होलकडे ढकलण्याचे फटके) किती, ग्रीनजवळून एकाच जागी दोनदा मारावे लागले असे किती आणि बाकी किती.

कमी झालेल्या 19 फटक्यांचा हिशेब त्यातूनच लागला. हरवलेले आणि हद्दीबाहेर गेलेले चेंडू यांचे दंड एका फेरीत सरासरी 11 फटके खात होते, ते 5 वर आले. इथे 6 वाचले. पट 42 वरून 37 झाले, इथे 5. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) आणि ग्रीनच्या काठावरून पहिल्या प्रयत्नात बाहेर न पडण्याची सवय बरीच सुटली, त्यातून 4. उरलेले 4 फटके आयर्न (मधल्या अंतराचे, धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब) नीट लागू लागल्यामुळे वाचले असावेत. ज्या एका गोष्टीवर केंद्राने सर्वांत जास्त वेळ घालवला, म्हणजे ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारण्याच्या क्लबने) चेंडू लांब मारणे, तिचा या हिशेबात वेगळा रकानाच करता येत नाही. माझा ड्रायव्हर दीड वर्षात साधारण 15 यार्ड लांबला, पण त्या 15 यार्डांनी वाचलेला एकही फटका मला बोट ठेवून दाखवता येणार नाही.

केंद्राच्या भिंतीवर आणि माहितीपत्रकात ठळक अक्षरांत एक वाक्य आहे : ‘सहा महिन्यांत सिंगल डिजिट हँडिकॅप’. नाव नोंदवताना समुपदेशकाने तेच तोंडी सांगितले. हँडिकॅप म्हणजे मैदानाच्या रेटिंगपेक्षा खेळाडूला साधारण किती फटके जास्त लागतात याचा आकडा, आणि सिंगल डिजिट म्हणजे तो 10 च्या खाली. नवख्या माणसाला हे माहीत नसते, त्यामुळे या वाक्यातील दावा किती मोठा आहे याचा त्याला अंदाज येत नाही. 2020 पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांची सरासरी घेऊन हँडिकॅप काढला जातो. समजा मैदानाचे रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागणारे अपेक्षित फटके) 71 आणि स्लोप (सामान्य खेळाडूला ते किती अवघड जाते याचा आकडा) 120 आहे, तर 97 च्या फेरीतून 71 वजा करायचे, उरलेल्या 26 ला 113 ने (हा मध्यम अवघड मैदानाचा ठरलेला स्लोप) गुणून 120 ने भागायचे. उत्तर साधारण 24.5 येते. अशा 20 उत्तरांतील सर्वांत चांगली 8 धरायची असल्याने हँडिकॅप हा माणसाच्या चांगल्या दिवसाचा आकडा असतो आणि त्याची रोजची सरासरी त्याहून तीन-चार फटक्यांनी वरच राहते. आज माझा हँडिकॅप 22.6 आहे.

आता तुलना पाहा. अमेरिकेत, जिथे मैदाने मुबलक आहेत, तिथे रीतसर हँडिकॅप ठेवणाऱ्या पुरुषांची सरासरी 14 च्या आसपास आणि स्त्रियांची 28 च्या आसपास आहे. आणि हँडिकॅप ठेवणारा माणूस मुळातच हौशी लोकांतला अधिक नेटाने खेळणारा असतो. त्याही लोकांची सरासरी 14 असताना अंधेरीच्या एका खोलीत आठवड्याला एक तास शिकून सहा महिन्यांत 10 च्या खाली येण्याचे आश्वासन देणे म्हणजे दहावीच्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीत सीए करून देतो म्हणण्यासारखे आहे. मी हे रागाने लिहीत नाही. पण माझ्याबरोबर नाव नोंदवलेले दोघे जण आठव्या महिन्यात खेळ सोडून गेले. त्यांचा खेळ वाईट नव्हता, 105 च्या आसपास आला होता, आणि ती प्रगती अतिशय चांगली होती. त्यांना मात्र ती अपयश वाटली, कारण मोजपट्टीच चुकीची दिली गेली होती. या केंद्राविरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

या बाबतीत डॅन मॅकलॉफ्लिन या अमेरिकन छायाचित्रकाराचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. गोल्फचा काहीही अनुभव नसताना 2010 मध्ये, वयाच्या तिशीत, त्याने नोकरी सोडली आणि 10 हजार तास शिस्तबद्ध सराव करून व्यावसायिक दर्जा गाठण्याचा संकल्प केला. सुमारे 6 हजार तासांनंतर पाठीच्या दुखण्यामुळे त्याला थांबावे लागले. तोवर त्याचा हँडिकॅप 2.6 पर्यंत खाली आला होता. ही असामान्य मजल आहे, आणि तरीही तो व्यावसायिकांच्या दारापर्यंत पोहोचला नव्हता. माझा सगळा सराव, तासिका धरून, 150 तासांच्या आसपास भरतो. त्याने जितके तास दिले त्याचा हा चाळिसावा हिस्सा आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आपण सगळे नोकरदार हौशी खेळाडू उभे असतो, आणि पहिल्या 150 तासांत 19 फटके गेले म्हणून पुढच्या 150 तासांत आणखी 19 जातील असा हिशेब मांडता येत नाही. सुरुवातीला कमी होतात ते ढोबळ चुकांचे फटके. पाण्यात चेंडू घालू नये एवढे कळले की दोन फटके वाचतात. त्यानंतरचा प्रत्येक फटका मनगटाच्या आणि क्लबफेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या) बारीक कोनांतून काढावा लागतो : चेंडू निघण्याच्या क्षणी फेस फक्त 3 अंश उघडा राहिला तर चेंडू तेवढाच वाकडा निघाला असे धरूनही 200 यार्डांवर तो साडेदहा यार्ड बाजूला पडतो, आणि हवेत वळला तर त्याहून जास्त.

केंद्राची चांगली बाजू सांगितली नाही तर हा अभिप्राय अर्धवट राहील, कारण तिथे मला दोन गोष्टी अशा मिळाल्या की त्या मैदानावर एकट्याने शिकून दहा वर्षांतही मिळाल्या नसत्या. पहिली गोष्ट म्हणजे माझ्या 7 नंबर आयर्नचे खरे अंतर. चेंडू उडतानाचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारे यंत्र तिथे आहे. मी सर्वांना सांगत असे, आणि स्वतःही मानत असे, की माझा 7 नंबर 150 यार्ड जातो. सलग 30 चेंडू मारून घेतल्यावर पडद्यावर जमिनीला टेकेपर्यंतची सरासरी आली 128 यार्ड. 150 च्या वर फक्त दोन चेंडू गेले होते, आणि मी अनेक महिने त्या दोन चेंडूंच्या भरवशावर क्लब निवडत होतो. ग्रीनच्या अलीकडचे बंकर मलाच का बोलावतात याचे उत्तर त्या एका तासिकेत मिळाले. त्या दिवसापासून मी एक क्लब मोठा, म्हणजे जास्त अंतराचा, घेऊ लागलो आणि पुढच्याच चार फेऱ्यांत फरक दिसला. स्विंगमध्ये काडीचाही बदल न करता मिळालेली ही सुधारणा होती.

दुसरी गोष्ट पावडरची. प्रशिक्षकांनी क्लबफेसवर पायांना मारतात तो पांढरा पावडर स्प्रे मारला आणि दहा चेंडू मारायला सांगितले. प्रत्येक फटक्यानंतर पांढऱ्या थरावर चेंडूच्या खळग्यांचा एक स्वच्छ गोल ठसा उमटत होता. दहापैकी सात ठसे टाचेकडे, अगदी दांड्याच्या मुळाशी. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, त्याला गाठायला फलंदाज नकळत पुढे झुकतो. माझे शरीर तीस वर्षांनंतरही तेच करत होते. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, ‘‘सर, हा चेंडू येणार नाहीये. तो तिथेच आहे. तुम्ही त्याच्याकडे जाऊ नका.’’ नंतरचे पूर्ण तीन आठवडे आम्ही फक्त त्या ठशांवर काम केले. ठसे मधोमध यायला लागले तेव्हा हातांना जो आवाज आणि जो हलकेपणा जाणवला, तो अजून विसरलेलो नाही. डाव्या करंगळीच्या मुळाशी पडलेला घट्टा त्याच महिन्यात नाहीसा झाला, कारण क्लब हातात फिरायचा थांबला होता.

परंतु हेच केंद्र ज्या मॅटवर शिकवते, ती मॅट खोटे बोलते, आणि हे शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे. गवतावर क्लब चेंडूच्या दोन बोटे आधी जमिनीत घुसला तर मातीत रुततो आणि चेंडू वीस यार्ड पुढे जाऊन पडतो. मॅटवर तोच क्लब रबरावरून घसरतो, उसळतो आणि चेंडूला जाऊन भिडतो. पडद्यावर 125 यार्डांचा सुरेख फटका दिसतो. पाच महिने मी त्या पडद्यावर विश्वास ठेवला. मार्चमधल्या एका पहाटे खारघरला, दव सुकलेही नव्हते, मी पहिल्या होलवर सरळ फेअरवेच्या (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधून 7 नंबर मारला आणि चेंडूऐवजी ओल्या गवताचे ढेकूळ पुढे उडाले. दुसऱ्या होलवर तेच. तिसऱ्यावर तेच. त्या दिवशी 118 झाले. म्हणजे पाच महिन्यांच्या शिक्षणानंतर मी जिथून निघालो होतो त्याच्याही मागे गेलो होतो. दोष मॅटचा होता हे मला पुढे समजले. मॅटवर चेंडूच्या चार बोटे मागे एक टॉवेल घडी करून ठेवला आणि टॉवेलला न लागता मारायचे ठरवले, की मॅट खोटे बोलू शकत नाही. इतका साधा उपाय मला केंद्राने सांगितला नाही. तो सांगितला खारघरच्या कॅडीने, म्हणजे खेळाडूची पिशवी सांभाळणाऱ्या मदतनिसाने.

या कॅडीबद्दल थोडे लिहितो. वयाने साठीजवळचे आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. सातव्या की आठव्या फेरीत मी ड्रायव्हर काढला तेव्हा त्यांनी तो हातातून परत घेतला आणि 5 नंबर हायब्रिड (कमी लांब, पण सांभाळायला सोपा क्लब) पुढे केला. ‘‘साहेब, हा होल तुम्ही पाच फटक्यांचा धरा. मग डावीकडच्या झाडीशी आपलं काही काम नाही.’’ पार 4 चा, म्हणजे निष्णात खेळाडूने चार फटक्यांत संपवायचा, तो होल होता. मी तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर आलो, दोन पट मारले, पाच झाले. त्याआधी त्याच होलवर माझे सात, आठ, सात असे आकडे होते. कार्डावर प्रत्येक होलला एक जास्तीचा फटका स्वतःच मान्य करून खेळायचे, म्हणजे 72 च्या मैदानावर 90 हे आपले पार समजायचे, ही गोष्ट 50 तासिकांत कुणी बोलले नाही. पाचशे रुपयांची बक्षिशी देताना मला हेच वाटत होते की माझ्या 6 वाचलेल्या दंडांपैकी निदान 4 यांचे आहेत.

लांब फटक्यांवर भर देणे मुळात चूक आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांच्या प्रचंड नोंदी तपासून दाखवून दिले आहे की चांगल्या आणि साधारण खेळाडूंमधील फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. पटिंगच सगळे आहे, हा जो समज आपल्याकडे ज्येष्ठ खेळाडू छातीठोकपणे सांगतात, तो या अभ्यासापुढे टिकत नाही. व्यावसायिक खेळाडूसुद्धा 8 फुटांवरून दोनपैकी एकच पट घालतात. तेव्हा आपण तिथून चुकलो तर दुःख करण्याचे कारण नाही. माझ्या हिशेबातही वाचलेल्या फटक्यांचा सर्वांत मोठा रकाना दंडांचाच आहे आणि माझे बहुतेक दंड टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यालाच, होतात. केंद्राची चूक एवढीच की लांब खेळ सुधारणे याचा अर्थ त्यांनी जास्त लांब मारणे असा लावला. माझ्यासारख्याला गरज होती ती कमी वाकडे मारण्याची. पडद्यावर मोठा आकडा दिसला की शिकणारा खूश होतो, खूश झाला की पुन्हा पैसे भरतो. हा व्यवहार मला समजतो, पण शिकवण्याचा क्रम त्यावरून ठरू नये.

पटिंगच्या बाबतीत केंद्राचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. कृत्रिम हिरवळीच्या सपाट पट्टीवर उतारावर चेंडू कसा वळतो हे शिकता येत नाही. माझे 5 पट वाचले ते घरच्या पॅसेजमध्ये, आणि खारघरच्या सराव-ग्रीनवर तीस फुटांवरून चेंडू तीन फुटांच्या आत थांबवण्याच्या सरावाने.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. जून ते सप्टेंबर मुंबईत मैदानावर नियमित खेळणे होत नाही, फेअरवे चिखलाचे होतात, ग्लोव्ह खिडकीच्या गजांवर टांगला तरी तीन दिवस वाळत नाही. छताखालचे केंद्र म्हणून हे चार महिने खरे तर त्यांच्या उपयोगाचे, आणि मागच्या पावसाळ्यात माझे सगळ्यात चांगले काम तिथेच झाले. पण गाड्या बंद पडल्या त्या दिवशी चुकलेल्या दोन तासिका मला परत मिळाल्या नाहीत. नियमपत्रात चोवीस तास आधी कळवण्याची अट आहे आणि हार्बर मार्गावर पाणी साचणार हे चोवीस तास आधी कोणाला कळते? दुसरे म्हणजे अकराव्या महिन्यात माझे प्रशिक्षक नोकरी सोडून गेले. नवे आले त्यांनी पहिल्याच दिवशी माझी ग्रिप बदलली. ग्रिप बदलली की दीड-दोन महिने सगळे कोलमडते, हे या खेळातले प्रत्येक जण जाणतो; 101 वर आलेलो मी 109 वर गेलो. नव्या प्रशिक्षकांनी माझ्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्या असत्या, तर ठसे मधोमध येत असताना ग्रिपला हात लावायचे कारण नव्हते. नोंदी संगणकात होत्या. कुणी पाहिल्या नाहीत.

ज्यांना अशा केंद्रात नाव नोंदवायचे आहे त्यांनी माझे आकडे हिशेबाला घ्यावेत. नव्याने सुरू करणारा, आठवड्याला तीन-चार तास देणारा, चाळिशीतला माणूस दीड ते दोन वर्षांत शंभराच्या आत येऊ शकतो, असे मला अनुभवावरून वाटते. तिथून 90 गाठायला माझ्या अंदाजाने आणखी दोन-तीन वर्षे लागतील, आणि त्यांत महिनोन्महिने काहीही हलणार नाही. मी 96 खेळलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात 108 झाले होते. एका फेरीवरून आपला खेळ वर गेला की खाली, हे ठरवू नये. दहा फेऱ्यांची सरासरी काढावी. 80 च्या आत येणे नोकरी सांभाळून मुंबईत अशक्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण चेंबूरला असे काही जण प्रत्यक्ष पाहिले आहेत, पण ते सगळे विशीच्या आत खेळू लागलेले आहेत.

पैशांचा विचार करता पहिल्या 30 तासिकांचे 75 हजार मला योग्य वाटतात. पुढच्या 20 तासिकांचे 50 हजार वाया गेले असे नाही, परंतु त्यातील निम्मे पैसे मैदानावरच्या शिकवणीला आणि जास्तीच्या फेऱ्यांना घातले असते तर आज दोन-तीन फटके तरी कमी असते. यंत्र, पावडर आणि पहिले प्रशिक्षक यांच्यासाठी मी पाचपैकी चार गुण देईन. आश्वासने, मॅटबद्दलचे मौन आणि प्रशिक्षक बदलताना दाखवलेली बेफिकिरी यांच्यासाठी दोन.

गेल्या आठवड्यात मी तिथे आणखी 10 तासिका घेतल्या. या वेळी व्यवस्थापकांशी बसून बोललो आणि तीन अटी लेखी घेतल्या : पहिल्या चार तासिका पावसाळ्यात केंद्रावर, टॉवेल ठेवून, उरलेल्या सहा ऑक्टोबरनंतर खारघरच्या मैदानावर, प्रशिक्षकांनी माझ्याबरोबर चालत, आणि मध्ये प्रशिक्षक बदलले तर नव्यांनी आधी जुन्या नोंदी वाचायच्या. व्यवस्थापकांनी सही करताना विचारले की लक्ष्य काय लिहू. मी 94 लिहायला सांगितले.